सणाचा दुसरा दिवस

शैला, परवा दसरा झाला आणि काल आपला दिवस होता. मी कुठंच गेले नाही.

आपला दिवस म्हणजे काय, हे घरात कुणाला नीटसं कधी कळलंच नाही. सणाला झेंडूसाठी गिऱ्हाईक हातघाईवर येतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच झेंडूला कुत्रं विचारत नाही. मळ्यात तोडा नाही, गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, फुलं घेऊन बसायचं नाही, घरचे पुरुष हातपाय ताणून आडवे झालेले. मग आपण दोघी जावा "देवदर्शनाला जाऊन येतो" म्हणून निघायचो आणि नाशकातल्या कुठल्या तरी संग्रहालयात जाऊन फिरायचो. नाशकात देवदर्शनाला जातो म्हटलं की कोणत्या देवाच्या, असं कुणी विचारत नाही. मला तरी खोटं बोलल्यासारखं वाटायचं. तुला नाही. "खोटं कुठं बोलतोय अक्का? तिथं बी देवच हायेत की. उलट जास्तीच हायेत," असं म्हणून तू रिक्षाला हात करायचीस.

सुरुवात कशी झाली ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगते, तू काही मला चिमटा काढायला येत नाहीस. गंगेवर फुलं विकायला बसणाऱ्या बायकांचं सगळ्यात मोठं दुःख कोणतं, तर जायला जागा नसते. म्हणून आपण सकाळपासून घोटभर पाण्यावर राहायचो. एकदा तुला अगदीच राहवेना. समोर पाटी दिसली, वस्तुसंग्रहालय. तू म्हणालीस, "सरकारी हाय म्हणजे आत बाथरूम असंलच. चल." तिकीट काढलं, मोकळ्या झालो आणि आता तिकीट काढलंच आहे तर बघूनही घेऊ म्हणून आत शिरलो. आत थंडगार होतं, पंखा होता, बसायला बाक होता आणि कुणी भाव पाडून मागत नव्हतं. तू बाकावर बसून चपला काढल्यास आणि म्हणालीस, "अक्का, आपण इतके दिस येडेच होतो."

त्या दिवसापासून आपण भांडायला लागलो. मी बाहेरून बी.ए. केलेली, तेही इतिहास घेऊन, म्हणजे मला पाट्या वाचल्याशिवाय पुढं सरकता येत नव्हतं. मी पाटी मोठ्यानं वाचायची आणि तू कानात बोटं घालायचीस. "थांब गं, मला आधी बघू दे. तू सांगितलं की मग मला तेच दिसतं." नाण्यांच्या संग्रहालयात भिंगाखाली एक मिशीवाला राजा होता. मी त्याचं घराणं सांगायला तोंड उघडेपर्यंत तू ठरवूनही टाकलंस की हा नामपूरच्या कांदा मार्केटातला तुझ्या वडिलांचा अडत्या. "तेच नाक. माल बघताना असंच फेंदारायचा." तिथला माणूस हसला आणि मला राग आला. मला वाटलं, लोक म्हणतील कुठून आल्या या बायका. तू गेल्यावर मला त्या नाण्यातलं एवढंच आठवतं. राजाचं नाव मी पार विसरले.

आणि तो भांडी मांडलेला बंगला आठवतो? एका हौशी म्हाताऱ्यानं घराच्या वरच्या मजल्यावर जुनी तांब्या-पितळेची भांडी लावून ठेवली होती. घंगाळ, बंब, पिंप, पानाचे डबे. तू एकेका भांड्यापाशी जायचीस आणि म्हणायचीस, "हे होतं आपल्याकडं. हे बी होतं." सासूबाईंनी सगळं मोडीत घालून स्टील आणलं, तेव्हा आपण दोघींनीच ते उचलून हातगाडीवर ठेवलं होतं. जिना उतरताना तू एवढी हसलीस की तुला कठड्याला धरून उभं राहावं लागलं. "अक्का, आपण अख्खं म्युझियम मोडीत काढलं गं." त्या म्हाताऱ्याला वाटलं आपण त्याला हसतोय. मी त्याची माफी मागून आले, तू तर रस्त्यावर जाऊन बसली होतीस.

खरं भांडण फुलावरून झालं. सरकारी संग्रहालयात दगडी मूर्तींची ओळ आहे. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचे हात. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला तू पदरात बांधून झेंडू आणलेस आणि एका बिनहाताच्या देवीपुढं ठेवलेस. राखणदार धावत आला. बिचारा नीटच बोलला, "मावशी, इथं पूजा करायची नसते. हे देव नाहीत, या मूर्ती आहेत." तू त्याला म्हणालीस, "बाबा, मग देव कुठं गेला?" तो हसून बाजूला झाला, पण मी कुठली गप्प बसते. भंगलेल्या मूर्तीची पूजा करत नाहीत, तिला गंगेत सोडतात, एवढंही तुला ठाऊक नाही का, म्हणून मी तुला तिथंच झापलं. रात्री भाकरी थापताना म्हणालीस, "माणसाचा हात मोडला म्हणून त्याला कुणी नदीत सोडतं का?" मी तव्यावरची भाकरी उलटली. तुझं खरं आहे म्हणणं माझ्या स्वभावात नाही. तुला ते माहीत होतं.

मग मागच्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आपण त्या कोपऱ्यातल्या दगडांपाशी पोचलो. उभे, कमरेएवढे, वर चंद्र आणि सूर्य कोरलेले. एकावर घोडा, ढाल-तलवार, पडलेला माणूस. मी वाचलं, वीरगळ. लढाईत मेलेल्याच्या आठवणीला उभा केलेला दगड. त्याच्या शेजारच्या दगडावर घोडा नव्हता, तलवार नव्हती. कोपरात वाकवून वर धरलेला फक्त एक हात आणि मनगटभर बांगड्या. तू तुझ्या माहेरच्या बोलीत म्हणालीस, "माय वो, हाई काय शे?" मी वाचलं, सतीशिळा. तू पाटी पुन्हा वाचायला लावलीस. आयुष्यात पहिल्यांदा तूच मला पाटी वाच म्हणालीस. गाव होतं, दगडाची जात होती. "नाव?" तू विचारलंस. नाव नव्हतं. "जाळली तिला आणि नाव बी लिहून ठेवलं नाय," एवढं बोलून तू बाकावर जाऊन बसलीस. त्या दिवशी पदरातली फुलं तशीच घरी आली.

रिक्षात बसल्यावर तू एकदम माझा हात धरलास. "अक्का, आपला वीरबा बी तसलाच दगड हाय. तेवढाच हाय. त्याच्यावर बी काहीतरी असंल."

हे कधी कुणी परक्यानं वाचलं, तर त्याच्यासाठी सांगते. आमच्या मळ्याच्या बांधावर एक दगड होता. घरातले सगळे त्याला वीरबा म्हणतात. मळा राखतो, साप-विंचू आवरतो, अशी श्रद्धा. दरवर्षी दसऱ्याला घरचे पुरुष त्याला शेंदूर लावतात, नवी टोपी घालतात आणि उपरणं पांघरतात. शेंदराचे थरावर थर चढून त्याचा नुसता केशरी गोळा झालेला. बायकांनी त्याला हात लावायचा नाही. नैवेद्य आम्ही रांधायचा आणि लांबून बघायचं. सासूबाईंनी मला सांगितलं आणि तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी तुला सांगितलं.

तू म्हणालीस, शेंदूर काढून बघू. लोकांचे वीर तिकीट काढून बघतो आणि आपला कोण, कसा, ते आपल्याला माहीत नाही. मी म्हणाले, नाही. तेव्हापासून ते भांडण चालूच राहिलं. गंमत बघ, संग्रहालयात देव शोधणारी तू आणि पाट्या वाचणारी मी, आणि घरच्या दगडापुढं आपल्या दोघींच्या जागा बदलल्या. तू म्हणायचीस, "तू तर इतिहासवाली ना गं?" मी म्हणायचे, इतिहास तिकडे, हा आपला देव आहे, देवाला उघडं करून बघत नसतात. आणि शेवटी माझा हुकमी एक्का असायचा, बायकांनी हात लावायचा नसतो. त्यावर तू गप्प व्हायचीस. पटलं म्हणून नाही, मी मोठी म्हणून.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुझं बोलणं फार हळू झालं होतं. मी उशाशी बसले होते, तुझे हे, म्हणजे रामदास भाऊजी, खाली गोळ्या आणायला गेले होते. तू म्हणालीस, "अक्का, घरी गेल्यावर पयलं वीरबाचं तोंड धुवायचं. मला एकदा बघू दे. मग तुमचं तुम्ही काय बी करा." मी म्हणाले, आधी बरी तर हो. आजारी माणसाशी असंच बोलतात सगळे. मीही बोलले. तुझ्या तोंडावर हो म्हणायला माझं काय जात होतं, शैला? तू श्रावणात गेलीस आणि ते 'हो' माझ्यापाशीच राहिलं. दुसऱ्या कशाचं वाईट वाटतं ते रडून हलकं होतं, याचं होत नाही.

आता परवाचं ऐक. तुझ्यामुळं यंदा आपल्याकडं सण नव्हता, पण झेंडूला सुतक नसतं. तोडा झाला, टेम्पो गेला, कॅरेट रिकामे होऊन परत आले. बांधावरून रस्ता रुंद होणार म्हणून वीरबाला दिवाळीच्या आत हलवायचं ठरलंच होतं. आमचे हे म्हणाले, दसऱ्यासारखा मुहूर्त नाही. घराशेजारी त्याला फरशीचं छोटं देऊळ बांधायचं, असा त्यांचा बेत. दुपारी हे आणि भाऊजी पहार, दोर घेऊन निघाले. मीही गेले, लांब उभी राहायला.

दगड जमिनीत चांगलाच रुतलेला. हे पहार घालून उचकटत होते, भाऊजी दोर ओढत होते. दोर आवळला आणि शेंदराचा थर तडकला. भिंतीचा गिलावा पडतो तशी एक जाड ढलपी खाली आली. आतून काळा दगड दिसला. पुढं जाऊन पाहावं की नाही अशी मी उभी, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, इकडं या. हे बघा."

कोपरात वाकलेला हात होता, शैला. बांगड्या होत्या. जाड, एकावर एक.

बाजूला नवी टोपी आणि उपरणं ठेवलेलं होतं, सण नसला तरी परंपरेप्रमाणं. यांच्या आजोबांनी, पणजोबांनी, त्यांच्याही आधीच्यांनी, दरवर्षी एका बाईला टोपी घातली. आणि तिच्या अंगाला एकाही बाईचा हात लागू दिला नाही. मला हसू फुटलं आणि ते अर्ध्यावरच अडकलं, कारण असं हसायला समोर तू लागतेस. तू असतीस तर त्या बांधावर लोळली असतीस. आणि मग उठून एका बाजूला जाऊन बसली असतीस, त्या दिवशी बाकावर बसलीस तशी.

हे आधी सावरले. म्हणाले, "शेंदूर आणा. परत लावून टाकू. लोकांना सांगायची गरज नाय." त्यांचंही मी समजू शकते. जन्मभर ज्याच्यापुढं हात जोडले तो नाहीच, हे एका दुपारी पचत नाही. मला स्वतःला पचलं नव्हतं. पण माझ्या तोंडून निघालं, "नाही." ते म्हणाले, "नाही म्हणजे? तूच तर म्हणायचीस, उघडं करू नये." म्हणायचे. तुला म्हणत होते, तेही तू जिवंत होतीस तेव्हा. मी म्हणाले, "शैलाला बघायचं होतं. आता तिच्या वाटचं मी बघणार. पूर्ण बघणार. त्यानंतर देऊळ बांधायचं की संग्रहालयात द्यायचं, ते सगळे मिळून ठरवू. टोपी मात्र कुणी घालायची नाही." यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच शेंदरातून बाहेर आले. मग उपरणं खांद्यावर टाकून घराकडं निघून गेले. भाऊजी थांबले.

भाऊजींनी पहारेनं ढकलत आणि मी दोरानं ओढत दगड अंगणात आणला. तू नेहमी माळा ओवायला बसायचीस त्या ओट्याला भाऊजींनी टेकवून उभा केला. वरच्या भागावर अजून शेंदूर आहे. चंद्र-सूर्य असतील तर त्याखाली आहेत. कोपराखाली हाताशिवाय आणखीही काहीतरी कोरलेलं आहे, बोटाला लागतं. होय, मी हात लावला. त्या दिवशी संध्याकाळी, कुणी नसताना. गार होता दगड. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. इतकी वर्षं मी तुला ज्याची भीती घातली, ते एवढंच होतं.

मला तुझी क्षमा मागायची नाही. तू म्हणशील, येडी झाली का अक्का. आपल्यात क्षमा-बिमा नव्हतीच, दोन दिवस अबोला आणि तिसऱ्या दिवशी चहा, एवढंच होतं. मला तुझा राग आलाय, हे खरं. धाकटी असून तू पुढं गेलीस. मला भांडणात जिंकू देऊन गेलीस. आता मी हरलेय, आणि हरले हे सांगायला कुणी नाही. घरातल्या कुणाला सांगितलं तर ते म्हणतील, जाऊ द्या, झालं ते झालं. तू म्हणाली नसतीस. तू पुढच्या दिवाळीपर्यंत मला छळलं असतंस, संग्रहालयातल्या प्रत्येक दगडापुढं मला उभं करून विचारलं असतंस, हा बाप्या का बाई, ओळख बरं. ते छळणं मला पाहिजे होतं.

आणि तुझे उपकारही आहेत. तू त्या पहिल्या संग्रहालयात नेईपर्यंत, म्हणजे पन्नाशीपर्यंत, मी नाशकात राहूनही नाशिक पाहिलं नव्हतं. गंगा म्हणजे बसून फुलं विकायची जागा, पंचवटी म्हणजे मंडई. सणाच्या दुसऱ्या दिवशी आपल्याला काही नको असतं, कुणाला काही विकायचं नसतं, तेव्हा नुसतं बघायला जायचं असतं, हे तू शिकवलंस. आम्हा शिकलेल्यांना वाचता येतं, पण बाकावर बसून एकाच दगडाकडं तासभर बघत राहणं मला कधी जमलं नाही. काल जमलं. काल दिवसभर मी ओट्यासमोर खुर्ची टाकून त्या हाताकडं बघत बसले. समोर पाटी नव्हती आणि मला तिची आठवणही झाली नाही. तिचं नाव काय असेल, तिला कुणी विचारलं असेल का, की धरूनच नेलं असेल, ती माझ्याएवढी होती की तुझ्याएवढी, की त्याहूनही लहान, असलं काहीबाही डोक्यात येत होतं. तुझ्यासारखं. संध्याकाळी हे बाहेर आले, दगडाजवळ वाकले आणि म्हणाले, "बांगड्या लय बारीक काढल्यात, नाय?" मी हो म्हणाले. एवढ्यावर ठीक आहे, यांच्याकडून एवढं पुष्कळ.

आज सकाळी उरलेला शेंदूर काढायचा ठरवला. खरवडायचा नाही म्हणजे नाही. कोमट तेल लावून मऊ करायचा, मग गरम पाण्यानं धुवायचा, लहान मुलाच्या डोक्याला धरलेली खपली काढतात तसा. चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं. तेल लावून झालं. भाऊजी बादली आणि तांब्या घेऊन आले. "वहिनी, मी ओततो, तुम्ही चोळा." मी म्हणाले, "नाही भाऊजी. बाईची अंघोळ आहे. पुरुषांनी हात लावायचा नसतो." मी गमतीत म्हणाले. अर्धी गंमतच. त्यांनाही कळलं, ते पाठमोरे झाले आणि म्हणाले, "मग ओतणार कोण?"

आणि मी मळ्याकडं तोंड करून तुला हाक मारली, शैला. विचार करून नाही. जशी रोज मारायचे, तोडा सोडून ये गं म्हणून, तशी खणखणीत. पूर्ण नाव बाहेर पडलं आणि मग मला कळलं. भाऊजींच्या हातातला तांब्या खाली पडला. तू गेलीस तेव्हा ते रडले नव्हते, तेराव्याला रडले नव्हते. आज अंगणात त्या दगडाशेजारी ओट्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्यापाशी बसून राहिले.

पाणी निवून गेलं. तिचं तोंड अजून धुवायचं राहिलंय.